आधी ‘घरी’ म्हणेल तो हरला

‘मार्जरी’ बोट,
ब्रिंडली पुलाच्या जरा अलीकडे,
मंगळवार, २९ डिसेंबर

ती. प्रूताईस,

ऑब्रीचा वाकून नमस्कार. (वाकण्यात फार आदर शोधू नकोस. या बोटीत वाकल्याशिवाय उभंच राहता येत नाही.) तुझा डावा गुडघा कसा आहे? थंडीत तो धरतो हे माझ्या लक्षात आहे. मांजराची दाढ काढली का? शेजारच्या ऑल्सॉपबाईंनी यंदाही तुझ्या कुंपणावर त्यांच्या दिव्यांच्या माळा टाकल्या का? सगळं सविस्तर कळव. दोन वर्षांत माझं तुला पत्र नाही, याचा राग तू नाताळच्या कार्डावर फक्त ‘प्रू’ एवढं लिहून दाखवलास, तो पोचला. पण नोकरी संपल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून शांत बसणाऱ्या माणसाकडे लिहिण्यासारखं असतं तरी काय? मंगळवारी कचऱ्याची गाडी येते, बाकीचे दिवस येत नाही. आता मात्र इतकं साचलंय की रागाने हात थरथरतो आहे. (थोडा थंडीनेही. बारीकसारीक फराटे दिसले तर ते हातमोज्यांचे समज.)

तुझ्या भावजयीचं, हॅरिएटचं खूळ तुला माहीत आहेच. गेल्या वर्षभर तिने एकच धोशा लावला होता, की किडरमिन्स्टरचं घर विकू या आणि राहण्याजोगी नॅरोबोट घेऊन उरलेलं आयुष्य कालव्यांवर काढू या. बाबांचं घर! माझं जन्मापासूनचं आणि तुझं माहेर! मी आधी हसण्यावारी नेलं, मग न ऐकल्यासारखं केलं, मग खरोखरच ऐकू येईनासं झालं. शेवटी ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी डोकं चालवलं. म्हटलं, हौस उन्हाळ्यात कुणालाही असते, भर हिवाळ्यात नाताळची सुट्टी बोटीवर काढून दाखव. चौदा दिवसांत तू ‘घरी जाऊ या’ म्हणालीस, की हा विषय कायमचा बंद. ती लगेच म्हणाली, “कबूल. आणि तू आधी म्हणालास तर घर विकायचं.” मी हो म्हणालो. म्हणजे घरी जायचं म्हटलं की घरच जाणार! असला करार मी का केला ते विचारू नकोस, शेरीचा दुसरा पेला हातात होता. (दोघंही टिकलो तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. हेही तिनेच घातलं.) माझी खात्री होती की तिसऱ्या दिवशी बाई बॅग भरेल. आज दहावा दिवस आहे, ताई. बाई नुसती हसते आहे.

बोट हॅरिएटच्या मामेभावाची. त्याने बोटीला आपल्या सासूचं नाव दिलंय, आणि ते का हे तासाभरात कळलं. ‘मार्जरी’ला वळायला सांगितलं की ती आधी बराच वेळ विचार करते, मग वळायचं होतं त्याच्या उलट बाजूच्या झुडपात तोंड घालते आणि वर सकाळी अर्धा तास कुरकुरल्याशिवाय सुरू होत नाही. लांबी सत्तावन्न फूट आणि रुंदी सात! एखाद्या बोळावर छप्पर टाकून त्यात आगगाडीच्या डब्याचं सामान भरावं तसा प्रकार आहे. मला चहा करायचा असला की हॅरिएटने पलंगावर चढायचं, तिला खिडकी उघडायची असली की मी मोरीत उभं राहायचं. शेगडी एका टोकाला, पलंग दुसऱ्या टोकाला. शेगडीपाशी माणूस भाजून निघतो, पलंगापाशी त्याच माणसाच्या मिशीवर दव पडतं. टर्की ओव्हनमध्ये मावेना, म्हणून नाताळच्या जेवणाला आम्ही एक कोंबडी खाल्ली, तीही मान मुडपून बसवलेली. इतकं सगळं होऊन हॅरिएट रोज विचारते, “मजा येते आहे ना, ऑब्री?” मीही दात ओठ खात म्हणतो, “भलतीच.” मग दोघं आपापल्या तीन-तीन स्वेटरांत शिरतो. ती तर झोपेतसुद्धा आनंदाने दात वाजवते.

पण हे काहीच नाही. नाताळच्या सकाळी जे झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. बोटीवरच्या संडासाला खाली एक डबा असतो. तो भरला की आपणच बाहेर ओढून, आपल्याच हाताने, गावातल्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा. करड्या रंगाचा, चाकं आणि मूठ असलेला, चांगला छोट्या पेटीएवढा डबा. तो नेमका पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता भरला (सणवार त्याला कुठले कळायला), आणि ती ठरलेली जागा नेमकी चर्चच्या पलीकडे. हॅरिएट उपासनेला निघालीच होती, म्हणून मीही चांगला कोट चढवला आणि डबा ओढत तिच्यामागून निघालो. चर्चच्या फाटकात पाद्रीबाई उभ्या होत्या. मला बघताच दोन्ही हात पसरून म्हणाल्या, “या, या! तुम्हीच ना अकॉर्डियनवाले? कधीची वाट बघतोय तुमची!” मी म्हणालो, “नाही, म्हणजे तसं काही नाही.” आता आपल्या इंग्रज लोकांत ‘तसं काही नाही’ म्हणणं म्हणजे विनयच. बाई म्हणाल्या, “पुरे हो तुमचा संकोच!” आणि मला दंडाला धरून थेट पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. डबा त्यांनी स्वतः उचलून हीटरला टेकवून ठेवला. “वाद्याला थंडी बाधते,” म्हणाल्या.

तू म्हणशील, तेव्हाच सांगून टाकायचं. काय सांगायचं, ताई? मेंढपाळांच्या वेषातली आठ पोरं समोर उभी, मागे सगळं गाव नटूनथटून बसलेलं, आणि मी उठून सांगायचं की या पेटीत काय आहे? दहा मिनिटं गेली. हीटर उत्तम चालत होता, एवढं कबूल करतो. वीस मिनिटांनी माझ्या बाकावरचे लोक एकेक करून मागच्या बाकावर गेले. हॅरिएट पलीकडच्या बाजूला गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. (भक्तीने हलत नव्हते.) तेवढ्यात खरा अकॉर्डियनवाला धापा टाकत आला. वाटलं, सुटलो. पण पाद्रीबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या पेटीकडे बघितलं आणि टाळी वाजवून म्हणाल्या, “म्हणजे दोघं! मग मिळूनच वाजवा की!” मी उठलो. म्हणालो, “माफ करा, माझं वाद्य आज नादुरुस्त आहे.” मागून एक म्हातारी नाकाला रुमाल लावून म्हणाली, “ते कळलंच हो आम्हाला.” पुढचं लिहीत नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण असं मान खाली घालून आणि चाकं वाजवत मला कुठल्याही सभागृहातून बाहेर पडावं लागलं नव्हतं.

सत्तावीस तारखेला जाग आली तर सगळीकडे चिडीचूप. कालवा या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेला, आणि त्याबरोबर आमचा नळही. हॅरिएट किटलीतल्या पाण्याने दात घासत म्हणाली, “बघ तरी, ऑब्री, किती सुंदर!” माझा मात्र संयम संपला. दोन मैलांवर बोटींचा तळ आहे, तिथे गरम पाण्याचे नळ आहेत. आणि बोटींचा तळ म्हणजे काही घर नव्हे, तेव्हा तिथे जाणं करारात बसत होतं. मी इंजिन सुरू केलं. आमची बोट लोखंडाची, बर्फ फोडत सहज गेली असती. पण आमच्या पुढे इनॉक ट्रँटर नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची बोट बांधलेली आहे, आणि ती लाकडी आहे. लोखंडी बोटीने ढकललेला बर्फ लाकडाला करवतीसारखा कापतो. म्हणून गोठलेल्या कालव्यात लाकडी बोटीजवळून कुणी जात नाही. असा नियम कुठेही लिहिलेला नाही (मी शोधला), पण जात मात्र कुणी नाही.

इंजिनाचा आवाज ऐकून म्हातारा बाहेर आला. मला वाटलं भांडेल, भांडणाची माझी पूर्ण तयारी होती. पण तो म्हणाला, “निघालात? निघा की. कालवा काय माझ्या आज्याने खणलाय?” (नंतर कळलं की आज्याच्या आज्याने खणायला हातभार लावला होता.) मग आत जाऊन दोन कप घेऊन आला. “बुडायच्या आधी एकेक चहा घेऊ म्हटलं. पाणी फार गार आहे आज.” मी म्हणालो, “मी हळू जाईन.” तो म्हणाला, “हळू म्हणजे मी हळू बुडणार. बरं झालं, मला पोहता येत नाही, घाई कशाला? तुमची आंघोळ महत्त्वाची.” मी इंजिन बंद केलं आणि वर मीच त्याची माफी मागितली. चहा घेतला. चहा फार कडक होता, तेही मी त्याला सांगितलं नाही.

तेव्हापासून मला रोजची वेठ लागली आहे. लाकडाला बर्फाचा दाब बसू नये म्हणून म्हाताऱ्याच्या बोटीभोवतीचा बर्फ रोज सकाळी बांबूने फोडून मोकळा करायचा असतो. आता तो बांबू माझ्या हातात आहे. मी मागितला नव्हता! म्हातारा इतक्या चुकीच्या पद्धतीने फोडत होता की भूगोलाच्या मास्तराला उभं राहून बघवेना. सहज म्हणून बर्फ काठाकडून आधी का धरतो हे त्याला समजावत होतो, तर पायवाटेवर कुत्री फिरवणारी चार माणसं थांबली. काल सात थांबली. एका बाईने चक्क वही काढली. चाळीस वर्षांत वर्गात माझ्यासमोर कुणी आपण होऊन वही काढल्याचं मला आठवत नाही, आणि आता, हातापायांची बोटं बधिर झाल्यावर, हे! म्हातारा शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगतो, “मास्तर हुशार आहे, फक्त संगीतात कच्चा आहे.” म्हणजे चर्चची गोष्ट इथवर पोचली. मला या सगळ्याचा अतिशय संताप आला आहे, हे तुला अक्षरावरून दिसतच असेल.

असो. तब्येतीला जप, गार पाण्यात हात घालू नकोस, मांजराला माझ्याकडून गोंजार. ऑल्सॉपबाईंना काहीही सांगू नकोस.

तुझा कातावलेला भाऊ,
ऑब्री

ता.क. खरं काम राहिलंच. ताई, तू कृपा करून आजारी पड. फार नको, तुझा गुडघा आहेच, तो आणखी थोडा धरू दे. मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून गावातल्या ‘तीन बगळे’ पबच्या मालकीणबाईंना फोन करून निरोप ठेव की बहीण अंथरुणाला खिळली आहे, भावाने ताबडतोब यावं. मग मी ‘घरी’ हा शब्द न उच्चारता निघू शकेन आणि करार मोडणार नाही. बाबांनी लावलेलं पेअरचं झाड, स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या आपल्या दोघांच्या उंचीच्या खुणा, सगळं तुझं माहेर आज तुझ्या एका गुडघ्यावर उभं आहे.

ता.क. २. बुधवार सकाळ. फोन शुक्रवारच्या आधी नको. उद्या नऊ वाजता बर्फाची जाडी मोजायचं मी कबूल करून बसलो आहे. अकरा जण येणार आहेत आणि वहीवाली बाई तिच्या भावाला आणते आहे. त्यांना वाऱ्यावर सोडणं बरं दिसत नाही. याचा अर्थ मला इथे आवडतंय असा अजिबात काढू नकोस. पाकीट हॅरिएटकडे टाकायला देतो आहे, मला बांबू घेऊन जायचं आहे.

ताई, मी हॅरिएट. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चिकटलेलं असतं तरी मी वाचलं असतं. घर विकायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. दोन वर्षं हा माणूस त्या खिडकीशी बसून होता. हाक मारली तर ‘हं’ म्हणायचा, तेही कचऱ्याच्या गाडीकडे बघत. कशाने तरी हलेल म्हणून मी बोटीचं खूळ काढलं, भांडला तरी चालेल म्हटलं. मला स्वतःला ही बोट तिसऱ्या दिवसापासून सहन होत नाही. रात्री माझे दात आनंदाने वाजत नाहीत. पण तुमच्या भावाने तुम्हाला केवढं पत्र लिहिलंय बघा. आणि आत्ता बर्फ फोडताना तो त्या म्हाताऱ्याशी इतक्या जोरात वाद घालतो आहे की मला इथपर्यंत ऐकू येतंय. बोटीला कंटाळून शनिवारी टाकलेल्या पत्रात मी तुम्हाला ताबडतोब आजारी पडायची विनंती केली होती. सुट्ट्यांमुळे ते पत्र आणि हे पत्र बहुधा एकदमच पोचतील. तर ते रद्द समजा, आणि त्याचंही ऐकू नका. पाया पडते, ताई, चौदा दिवस पुरे होईपर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, ठणठणीत राहा.