सळयांच्या तक्रारीची गोपनीय चौकशी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. चौकशी अधिकारी झालो! लेखी ऑर्डर, गोल शिक्क्यासह: श्री. कल्याण उढाण, असिस्टंट मॅनेजर (प्रशासन). सोळा वर्षं या मिलमध्ये हजेरी, युनिफॉर्म आणि कँटीनची वांग्याची भाजी एवढंच बघितलं. अखेर कोणाला तरी किंमत कळली.

प्रकरण असं. आमची मिल सळया बनवते. जालन्यात अर्धी एमआयडीसी तेच करते, पण आमचा माल यंदा परराज्यातल्या एका अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामाला जाऊन राह्यला. प्रकल्पाच्या क्वालिटी ऑफिसला आमच्यातल्याच कोणीतरी तक्रार केली. म्हणे जाड सळया वाकवल्या की तडकतात, तरी सर्टिफिकेटवर 'पास' लिहितात, आणि आकडे दुसऱ्याच चांगल्या लॉटचे टाकतात. प्रकल्पवाल्यांनी तक्रारीची नक्कल पाठवली. खालचं नाव झाकलेलं. पंधरा दिवसांत चौकशी करून कळवा.

वर्क्स मॅनेजर राधेश्यामजी म्हणाले, "उढाण, या कामाला तुमच्यासारखा माणूस न्हाई. तुम्हाला स्टीलमधलं काहीच कळत न्हाई. म्हणजे तुम्ही बिलकुल निष्पक्ष."

खरंय. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

तोच दिवस. संध्याकाळी ७

गोपनीय असल्यामुळे फक्त बायकोला, दैवशालाला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग? तडकतात का सळया?" म्हणालो, तो मुद्दा नंतरचा. आधी तक्रार कोणी केली ते शोधायचं. ती म्हणाली, "अहो, पण पत्रात तर सळयांचंच विचारलंय." तिला ऑफिशियल भाषा कळत नाही. मुख्याध्यापिका आहे, पण शेवटी झेडपीची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबपासून सुरुवात. तिथं संध्या मॅडम. टेस्टिंगचं काम अकरा वर्षं त्याच बघतात, रोज अंबडहून एसटीनं ये-जा. मी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात म्हणाल्या, "साहेब, ती तक्रार मीच केलीय."

हसलो. समजावलं की चौकशीत अशी जल्दी करून चालत नाही, क्रमानं जावं लागतं. त्या म्हणाल्या, "मंग लिहून देऊ का?" म्हणालो, वेळ आली की मागवून घेऊ.

त्या असूच शकत नाहीत. तक्रार करणारा माणूस लपतो. हा पहिला नियम. शिवाय तक्रार इंग्रजीत आहे आणि मॅडमना इंग्रजी बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. (बी.एस्सी. आहेत म्हणे. असतील.)

निघताना म्हणाल्या, "आलाच आहात तर एक सळई वाकवून दाखवते. दहा मिनिटं लागतील." जेवणाची वेळ झाली होती. उद्या बघू म्हणालो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आयडिया सुचली. गेटवर पेटी लावली. वर पाटी: 'तक्रारदाराने आपले नाव या पेटीत टाकावे. नाव गुप्त ठेवले जाईल.'

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी उघडली. निघालं ते असं: गुटख्याच्या तीन पुड्या, संडासाच्या नळाबद्दल एक अर्ज, आणि एक चिठ्ठी. 'तक्रार मीच केली. संध्या, लॅब.' अक्षर मॅडमचंच.

स्पष्ट आहे. कोणीतरी बिचाऱ्या मॅडमना अडकवायला बघतंय, आणि त्यांचं अक्षर गिरवण्यापर्यंत त्याची मजल गेलीय. माणूस घातक दिसतो. नळाचा अर्ज फाइलला लावला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वेषांतर केलं. कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांसारखं केशरी जॅकेट घालून यार्डात गेल्तो. लोडिंगवाले म्हणाले, "नमस्कार उढाण साहेब, जॅकेट उलटं झालंय." तरी कामगिरी फत्ते! संशयित सापडला.

वसंता खंदारे. यार्डातला सुपरवायझर, मंठ्याकडचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइल बघत होते, हा पेपर वाचत होता. तोही अग्रलेख! नोकरी करणाऱ्या माणसाला अग्रलेख कशाला लागतो? त्याच्या लॉकरात माहिती अधिकाराचं पुस्तक आहे, असं वॉचमननं सांगितलं. अक्षर सुरेख. म्हणजे दुसऱ्याचं गिरवताही येणारच.

मला बघून उठला. म्हणाला, "साहेब, बरं झालं आलात. या पंचवीस एमएमच्या सळयांना टोकाला चिरा दिसून राह्यल्या. बघता का?"

नोंद केली: फार बोलतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

संध्या मॅडम केबिनमध्ये आल्या. कापडी पिशवीतून सळईचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. टेबलाची काच फुटली. (म्हणजे माल मजबूत आहे. रिपोर्टमध्ये घ्यायचं.)

म्हणाल्या, "हे अणुवीजच्या लॉटमधले. वाकवताना तुटले. आत बघा कसं दिसतंय." बघितलं. चकचकीत होतं. छान वाटलं.

मंग त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, "मी फेल लिहिते, वर पास होऊन जातं. दुसऱ्या लॉटचे आकडे, खाली सही माझी. राधेश्यामजींना तीनदा सांगितलं. साहेब, ती काय कोणाच्या गच्चीवरची पत्र्याची शेड न्हाई. उद्या तिथं काही झालं, तर कागदावर नाव माझं हाये. दोन महिने झाले, झोप लागत न्हाई."

झोपेसाठी दुधात जायफळ उगाळून घ्या म्हणालो. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. बहुधा हा उपाय त्यांना माहीत नसावा. तुकडे घेऊन गेल्या. काच तशीच राहिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट पूर्ण! चौदा पानं. अकरा वसंतावर, दोन माझ्या कार्यपद्धतीवर, एक सळयांवर. सळयांबद्दल शेवटचं वाक्य: 'गुणवत्ता समाधानकारक वाटते.'

दैवशालानं पोळ्या लाटता लाटता वाचला. विचारलं, "'वाटते' कोणाला?" मुद्दा बरोबर होता. 'वाटते' खोडून 'आहे' केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

राधेश्यामजींनी सगळ्यांसमोर हात मिळवला. म्हणाले, असा रिपोर्ट आजपर्यंत झाला न्हाई. त्याच रिपोर्टच्या जोरावर तक्रारीमुळे अडकून पडलेला माल मोकळा झाला. दुपारी दोन ट्रक भरून निघाले. जनरल मॅनेजरच्या केबिनला एसी दोन टनांचा आहे. सहज बघून आलो.

वसंताला सस्पेंड केलं. पत्र द्यायचं काम माझ्याकडेच. त्यानं वाचलं, हेल्मेट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "साहेब, मी काय केलं, तेवढं सांगा." म्हणालो, गोपनीय आहे. "मला बी?" म्हणालो, तुला तर विशेष.

गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बारा वर्षांत एकही खाडा नाही, असं हजेरीत दिसलं. ते आज का काढून बघितलं कोण जाणे.

जेवण गेलं नाही. आचाऱ्याला मीठ कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कँटीनमध्ये दुपारच्या जेवणाला शंभरेक माणसं. संध्या मॅडम उभ्या राहिल्या. ताटावर चमचा वाजवला आणि म्हणाल्या, "ऐका सगळे. वसंतानं काही केलं न्हाई. तक्रार मी केलीय. कल्याण साहेबांना मी तोंडी सांगितलं, चिठ्ठी टाकली, तुकडे नेऊन दाखवले. आता अजून कसं सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वरण घेतलं.

मॅडमचं मन मोठं आहे. सहकाऱ्यासाठी स्वतःवर घेतायत. असं मी राधेश्यामजींना म्हणालो. त्यांचा चेहरा भट्टीसमोर उभं असल्यासारखा झाल्ता. तेवढ्यात मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलताना दिसल्या. प्रकल्पाच्या ऑफिसला लावला म्हणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमचं खरं असू शकेल का?

नाही. चौदा पानं झालीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४

प्रकल्पाहून दोघं आले. मुख्य अर्पिता मॅडम, वय पस्तिसेक. माझ्या रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग केलं होतं. त्यांनी दोन पानं चाळून तो पिशवीत टाकला आणि सरळ यार्डात गेल्या. त्यांच्या लॉटमधून स्वतः खडूनं सहा सळयांवर खूण केली, समोर कापून घेतल्या. लॅबमध्ये नेल्या. मशीनवर संध्या मॅडम.

पहिली वाकली आणि तडकली. आवाज फार मोठा नाही, खोलीत शांतता होती म्हणून ऐकू आला. दुसरी वाकली, टिकली. राधेश्यामजी म्हणाले, "देखा?" तिसरी तडकली. चौथीचे दोन तुकडे झाले, एक माझ्या बुटापाशी येऊन पडला. पाचवी, सहावी कोणी नीट बघितलीच नाही.

अर्पिता मॅडमनी विचारलं, "तुमच्या चौकशीत तुम्ही किती सळया वाकवून पाहिल्या?"

म्हणालो, आमच्या चौकशीचा भर माणसांवर होता.

"किती?"

म्हणालो, एकही नाही.

त्यांनी लिहून घेतलं. वेळ लागला नाही.

मंग मी विचारलं, तक्रार नेमकी कोणाची होती? त्या म्हणाल्या की ते त्या सांगू शकत नाहीत. संध्या मॅडम मशीन पुसता पुसता म्हणाल्या, "माझी. चौथ्यांदा सांगते."

राधेश्यामजींनी हात वर केले. म्हणाले, "चौकशी तो उढाण साहेबांनी केली. मी फक्त फॉरवर्ड केलं." गुरुवारी निघालेल्या ट्रकांपैकी एक बिघडून शहागडला हायवेवर उभा होता, दुसरा त्याच्या सोबतीला थांबला होता. दोन्ही परत बोलावले. बिघाड झाला नसता तर माल तिथं पोचला असता, आणि कागदावर माझी सही होती. पहिल्यांदाच ती सही अणुभट्टीच्या भिंतीत असल्यासारखी डोळ्यांपुढे आली. पाणी प्यालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेठनी बोलावलं. चार मिनिटं. तीन मिनिटं ते फोनवर होते. उरलेल्या मिनिटात: राधेश्यामजी रजेवर, सगळा लॉट थांबवला, जुनी सर्टिफिकेटं पुन्हा तपासणार, ते काम संध्या मॅडमकडे. वसंताला परत घ्यायचं. "पत्र तुम्हीच नेऊन द्या, उढाण. तुम्हीच काढलं ना त्याला."

माझ्या प्रमोशनचा विषय निघाला नाही. वेळ कमी होता.

संध्या मॅडमना भेटायला लॅबपर्यंत गेलो. दारातून त्या काम करताना दिसल्या. परत आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंठ्याची एसटी, पुढे काळीपिवळी, मंग पायी. बसमध्ये भाषण तयार केलं. 'घडलेल्या प्रकाराबद्दल प्रशासनास खेद आहे' इथून सुरुवात. 'प्रशासनास' शब्द चांगला आहे, त्यात कोणीही येतं.

वसंता हरभरा काढायला दुसऱ्याच्या शेतात गेल्ता. घरी त्याची आई, साळूबाई. मिलमधून आलो म्हणालो तर खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. आणि सुरू झाली. "तुमच्या तिथं कोन तो उढाण हाये म्हनं. माझ्या लेकराला चोरासारखं काढलं. आरं, त्याला डोळे न्हाईत का? सळई तडकली का न्हाई, वाकवून बघाया काय कालेज लागतंय? आठ दिस झाले, पोरगं पोटभर जेवलं न्हाई."

मी मान हलवत राहिलो. काही ठिकाणी अगदीच पटत होतं.

तेवढ्यात वसंता आला. अंगावर हरभऱ्याचा पाला. मला बघून दारातच थांबला. पत्र दिलं. त्यानं दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "सोमवारपासून येतो," एवढंच म्हणाला. आईनं विचारलं, हे कोण रे? तो म्हणाला, "हापिसातले हायेत." नाव घेतलं नाही. मला वाचवलं त्यानं. भाषण वरच्या खिशात तसंच होतं.

साळूबाई माझ्याकडे वळली. "तुम्ही वळखता का वो त्या उढाणला?"

वसंता खाली बघत होता.

म्हणालो, "मीच तो, आई."

तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात.