रंजनाने बांधलेले इंजिन

लोणखेडा, ता. ४ जानेवारी १९६३

ती. रूपचंददादास,
रंजनाचा सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल. कापसाची वेचणी चालू आहे. माय रोज तुझी आठवण काढते आणि आबा तुझ्या मोटारीची. पाटबंधाऱ्याच्या साहेबांकडून तू घेतलेली ती दोन माणसांची विलायती शर्यतीची मोटार गोठ्याशेजारी उभी राहून चार वर्षे झाली. काल आबा म्हणाले, की हाई नुसतं लोखंड शे, इंजिन काढीसन विहिरीवर पंपाले जोडू. मी म्हटले, महाशिवरात्रीला मोटार तोरणमाळ चढली तर राहू द्या, नाही तर खुशाल काढा. आबा हसले, पण हो म्हणाले!

दादा, इंजिन मी खोलले आहे. बोल्ट न् बोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत ठेवला आहे. चारही पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, दोन व्हॉल्व्ह जळालेत. सोबत चित्र काढून पाठवते. पुढे काय करू ते उलट टपाली कळव.

लोभ राहू दे, राग मुंबईतच ठेव.

तुझी,
रंजना


मुंबई, ता. ११ जानेवारी १९६३

चि. रंजनास अनेक आशीर्वाद.

पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचले आणि डबा तसाच राहिला. मला न विचारता माझे इंजिन खोललेस! आधी संताप आला. मग तुझे व्हॉल्व्हचे चित्र पाहिले. मला इतके नीट जमले नसते.

आता नुसती दुरुस्ती नको, पहिल्यापेक्षा जोरकस करू. ब्लॉक शहाद्याच्या रायसिंग मिस्त्रींकडून बोअर करून, म्हणजे त्याची भोके रुंद करून घे. मोठे पिस्टन आणि नवे व्हॉल्व्ह मी पाठवतो. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, रेल्वे पार्सलने माझ्याकडे धाड. त्याचा तळ इथल्या यंत्रावर थोडा तासून देतो, म्हणजे आतला वायू जास्त दाबला जाईल आणि चढावर ताकद मिळेल. व्हॉल्व्ह मात्र तूच हाताने घासून बसव, घाई न करता. आणि चालवताना इंजिनातून टकटक ऐकू आली तर तिथल्या तिथे थांब, नाही तर पिस्टन फुटतील.

आबांना नमस्कार. तुझ्यावर आहे तितकीच माया त्या मोटारीवरही आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
रूपचंद


लोणखेडा, ता. २४ फेब्रुवारी १९६३

ती. दादास सा. न. वि. वि.

चढली! दादा, चढली!

शहाद्याच्या सरळ रस्त्यावर काटा साठ मैलांवर गेला तेव्हा आबांनी एका हाताने पागोटे धरले आणि दुसऱ्याने दार. पण घाटात तिसऱ्याच वळणावर टकटक सुरू झाली. मी थांबले. आबा म्हणाले, झालं, आता बैल आणू. मला रडूच आले. मग डोके चालले. दाब वाढला आहे, म्हणजे ठिणगी आता जरा उशिरा पडायला हवी. डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर फिरवला. यात्रेला निघालेल्या रूपलीबाई नावाच्या आजींनी आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी रेडिएटरला दिले. इंजिन निवल्यावर सुरू केले, तर आवाज असा गोड की काय सांगू! मग एकही वळण अडले नाही.

वर यात्रेत आबा दिसेल त्याला सांगत होते, की इंजिन माझ्या पोरीने बांधले. मोटार राहिली, दादा!

माया कमी करू नकोस. उशिरा लिहिले म्हणून रुसू नकोस.

तुझी,
रंजना


लोणखेडा, ता. ६ मार्च १९६३

चि. रूपचंद यास पितांबरचे आशीर्वाद.

मी पत्र लिहितो याचे तुला नवल वाटेल. मागच्या आठवड्यात रायसिंग मिस्त्री घरी आले. म्हणाले, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस माझ्याकडे नाही, रंजनाला दुकानात कामाला पाठवा. बाईमाणूस गॅरेजात कसे जाईल, म्हणून मी नाही म्हणालो. ती भाकरी थापायला बसली. तिचा उतरलेला चेहरा मला दोन दिवस बोचत राहिला.

सोमवारी मीच तिला म्हटले, की चल, तुला शहाद्याला सोडून येतो. ती म्हणाली, आबा, पण मोटार चालवायला तर मलाच येते. तेव्हा मी शेजारी बसून गेलो, तिला दुकानात पोचवले आणि एस.टी.ने परत आलो.

तब्येतीला जप. सवडीने चार ओळी लिहीत जा.

तुझा,
आबा