पिशवीचा तळ

८ जुलै

दोन्ही पक्षांचं कापड आलं! सकाळी जांभळ्यांचा ट्रक, दुपारी पिवळ्यांचा. आम्ही बायका दोन्ही रांगांत उभ्या. घ्यायचं दोघांकडून, मत द्यायचं मनात येईल त्याला. जांभळ्या कापडावर त्यांच्या साहेबाचं तोंड ताटाएवढं. पिवळ्यांचा साहेब जरा लहान छापलाय, पण दात सगळे दिसतात.

चर्चमागच्या खोलीत आम्हा चौदा बायकांच्या क्लबची बैठक झाली. चौदा पोरींची फी क्लब भरतो, आणि यंदा त्या चौदाही जणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून पुस्तकं नेतायत. मालामा मॅडम — आमच्या अध्यक्ष, तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, अजून सगळ्यांशी पाचवीच्या वर्गाशी बोलल्यासारखं बोलतात — म्हणाल्या, "बाना चिशाला, मशीन तुझ्याकडे आहे. पिशव्या तू शिवशील." विचारलं नाही, सांगितलं. माझ्या चिशालाचं लग्न होऊन ती लांब गेली, तरी मी सगळ्यांची बाना चिशालाच. चिशालाची आई.

बाहेरून खाणकामगारांच्या जुन्या डांगऱ्यांचं जाड कापड, आतून फुकटच्या कापडाचं अस्तर. साहेबाचं तोंड आत दाबायचं, कापडाची उलटी बाजू वर. ही रीत आहे. एप्रन असो, उशी असो, तोंड कधी दिसू द्यायचं नाही. उगाच कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचं!

११ जुलै

तेरा पिशव्या झाल्या. पाठीत कळ.

बाजारात आज राडा. बाना बेसा — क्लबात माझ्या शेजारी बसते, पिठाचे गोळे तळून विकते — बिचारी पिवळं कापड नेसून बसली होती. जांभळ्यांचं टोळकं आलं. कढई उलथली. उकळतं तेल तिच्या पायावर! कापड अंगावरून ओढून काढलं, भर बाजारात, आतल्या परकरावर उभी राहिली बाई. आणि त्या टोळक्यात कोण? कांग्वा. माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता, पाठीला बांधून वाढवला मी. आता बसअड्डा ह्या लोकांच्या ताब्यात आहे म्हणून ह्याच्या अंगात आलंय. मला बघून मान वळवली त्यानं.

त्याला तिथंच तुडवायला हवा होता.

१२ जुलै

चौदावी पिशवी रागात शिवली. जांभळ्या साहेबाचं तोंड मुद्दाम वर ठेवलं, बरोब्बर तळाला, जिथं पोरी खेळाचे बूट ठेवतात तिथं. बाना बेसा पायाला पट्टी बांधून समोर दोरे कापत बसली होती. तिला दाखवलं. दोघी इतक्या हसलो की सुई हरवली.

१४ जुलै

पिशव्या वाटल्या. पोरींनी गाणं म्हटलं, मालामा मॅडमचं भाषण नेहमीसारखं लांबलं.

ती चौदावी न्कांडूकडे गेली. मी दिली नाही, तिनंच उचलली. न्कांडू बारावीला आहे, आजीकडे राहते, गणितात तिच्याएवढे गुण आमच्या गावच्या शाळेत कोणाला पडलेले मला आठवत नाहीत. क्लब सुरू झाल्यापासून विद्यापीठापर्यंत पोचेल अशी ही पहिली पोर. ऑक्टोबरात परीक्षा. सगळ्या क्लबचा जीव तिच्यात अडकलाय — आम्हा बायकांपैकी निम्म्या सातवीत घरी बसवलेल्या.

पिशवीत डोकावली आणि तोंडावर हात ठेवला तिनं. हळूच माझ्याजवळ आली. मला आईच म्हणते ती, मायो. "मायो, ह्यांचं नाक माझ्या बुटाखाली येतंय."

"मग बूट नीट ठेव," म्हटलं, "नाक दुखायला नको."

काय हसली पोरगी!

१८ जुलै

कांग्वाशी कडाक्याचं भांडण. म्हणे पक्षाचे झेंडे शिवून दे, दोनशे. मी म्हटलं, बाना बेसाच्या पायावर तेल ओतणाऱ्यांसाठी मी सुई धरणार नाही. त्यानं माझं मनगट पिरगाळलं. माझं! मी दुसऱ्या हातानं त्याच्या कानाखाली ठेवून दिली. त्यानं स्टूल भिंतीवर फेकलं. शेवटी मी ओरडले, "तुझ्या साहेबाचं मला काय कौतुक सांगतोस! त्याच्या तोंडावर आमच्या क्लबची एक पोरगी रोज बूट ठेवते!"

थबकला. "म्हणजे?"

सांगितलं. पिशवीचा तळ, नाक, सगळं. आणि कांग्वाला हसू फुटलं! आधी दाबलं, मग खो खो. लहानपणी हसायचा तसा, पोट धरून. "ताई, तू म्हणजे ना..." मग दोघं एकाच ताटात मक्याच्या पिठाचा न्शिमा जेवलो, सुकी मासळी घालून. मोडलेलं स्टूल त्यानंच ठोकून दिलं.

वाईट नाहीये तो. संगत वाईट.

२३ जुलै



न्कांडूचा हात मोडला त्यांनी.

शाळा सुटल्यावर पोरी बसअड्ड्यावरून येत होत्या. जांभळ्यांनी अडवलं. डांगरीच्या कापडाच्या पिशव्या एकेक उलट्या केल्या, पुस्तकं चिखलात. पाचवी पिशवी न्कांडूची. बाकीच्या पोरींना काठ्यांनी हाकललं, तिला टायरवाल्याच्या शेडमागे नेलं. पुढचं कोणी पाहिलं नाही. किंकाळी सगळ्यांनी ऐकली. टायर काढायच्या लोखंडी पहारीनं मारलं. उजवा हात — मनगट आणि तीन बोटं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा बोटं कशी दिसत होती ते लिहीत नाही. ती रडत नव्हती. दात इतके आवळले होते की ओठातून रक्त.

आणि पिशवी तिच्या मांडीवर. तळ सुरीनं कापून नेलेला.

२४ जुलै

क्लबची बैठक. सगळ्यांचा एकच प्रश्न — त्यांना सांगितलं कोणी? पिशवीच्या तळाला तोंड आहे हे बाहेरून दिसतच नाही. पिशव्या उलट्या करत गेले म्हणजे काय शोधायचं ते माहीत होतं.

पिशवी मी शिवली. पाहिली बाना बेसानं. आणि बाना बेसा आज जांभळं कापड नेसून आली होती!

म्हटलं, "नेसलीस कशी ग हे? त्यांनी तेल ओतलं तुझ्यावर!"

म्हणाली, "म्हणूनच नेसले. मला पोरं आहेत. परत नाही भाजून घ्यायचं मला."

"आणि भाजून घ्यायचं नाही म्हणून पोरीला विकलीस?"

"तोंड सांभाळ, बाना चिशाला!"

मग मला काही दिसेना. चुलीजवळ न्शिमा घोटायचा दांडका होता. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. पुढचा दात पडला तिचा. मालामा मॅडम मधे घुसल्या, त्यांनाही कोपर लागलं. चौघींनी मला धरलं. मी तरीही लाथा झाडत होते. बाना बेसा जमिनीवर बसून हातातल्या दाताकडे बघत राहिली. गुन्हेगार असाच गप्प बसतो.

पश्चात्ताप? मुळीच नाही.

२७ जुलै

डॉक्टर म्हणाले, प्लास्टर आठ आठवडे. नंतरही त्या बोटांत पेन धरता येईल का, ते त्यांना सांगता येत नाही.

मालामा मॅडम शाळेत जाऊन आल्या. परीक्षेला लेखनिक मिळू शकतो — न्कांडू सांगेल आणि दुसरं कोणी लिहील. पण पोलिसांचा कागद हवा, जखम कशी झाली त्याचा. आणि पोलिसांनी काय लिहिलंय? "पडली." पडली! मॅडमनी टेबलावर मूठ आपटली. ठाण्यातला म्हणे, "मारणाऱ्याचं नाव द्या, बदलतो." न्कांडू कोणाचंच नाव सांगत नाही. टायरवाल्यानं तर शेडच बंद केलीय. कागद ऑगस्टच्या दहा तारखेच्या आत नाही गेला, तर लेखनिक नाही, आणि लेखनिक नाही तर परीक्षा गेली.

तिच्याजवळ बसले. म्हटलं, "पोरी, सांग ना. कोणाला घाबरतेस?"

"घाबरत नाही, मायो."

"मग?"

"डाव्या हातानं लिहायला शिकतेय. बघा." वहीवर वाकडेतिकडे आकडे. एका ओळीला पाव तास. मला बघवेना.

३० जुलै

कांग्वा सात दिवसांनी घरी आला. जेवला नाही. भिंतीकडे बघून विचारलं, "त्या पोरीचा हात... बरा होईल?"

मी म्हटलं, "तुला काय करायचंय?"

पाणी प्यायला बाहेर गेला. ह्याला तिच्या हाताची काळजी कधीपासून? मी ही वही काढली. मागची पानं उलटली. १८ जुलै. माझंच अक्षर. सांगितलं. पिशवीचा तळ, नाक, सगळं.

मीच सांगितलं होतं!

तो आत आला तेव्हा कोळशाची इस्त्री माझ्या हातात होती, निखाऱ्यांसकट. मारली. खांद्यावर, मग त्यानं आडव्या धरलेल्या हातावर. निखारे सगळ्या खोलीभर. कातडी जळाल्याचा वास आला. त्यानं मला ढकललंही नाही. मला एका हातानं उचलून फेकता येईल त्याला, आणि तो नुसता भिंतीला टेकून खाली बसला.

"मी मारलं नाही तिला, ताई. मी फक्त सांगितलं. अड्ड्यावर बसलो होतो सगळे. गंमत म्हणून सांगितलं. हसत."

मी हात उगारलेलाच.

"तू मला सांगितलंस तसंच," म्हणाला.

इस्त्री खाली ठेवली. पायाखालची चटई जळत होती, ती विझवली.

३१ जुलै

कांग्वा गेला. जाताना हाताला माझंच फडकं बांधलं होतं.

२ ऑगस्ट

बाना बेसाकडे गेले. बाजारात, सगळ्यांसमोर, गुडघे टेकले आणि सांगितलं — तू नव्हतीस, मी होते.

ती उठली. कढईखालची आच कमी केली. हात पुसले. आणि अशी एक लगावली की माझ्या कानात अजून शिट्टी वाजतेय! मग परत बसली, गोळे उलटायला लागली. पडलेल्या दाताच्या जागेतून तिचे शब्द फुसफुस निसटतात. म्हणाली, "दुसरी बाकी ठेवलीय. पोरीचं काय करणार ते सांग आधी."

"कांग्वाचं नाव पोलिसांत द्यावं लागेल."

"मग देणार?"

"पाठीला बांधून वाढवलाय ग त्याला."

"आणि न्कांडूला कोणी बांधलं होतं पाठीला?" म्हणाली. "चौदा बायका आपण. आपणच ना?" दोन गरम गोळे कागदात गुंडाळून माझ्या अंगावर फेकले. खाल्ले नाहीत. खाववले नाहीत.

४ ऑगस्ट

दिलं नाव. मालामा मॅडम आणि बाना बेसा दोन्हीकडे उभ्या होत्या, मी पळून जाईन की काय अशा. ठाण्यातल्यानं तीनदा विचारलं, "सख्खा भाऊ?" तीनदा हो म्हटलं. पिशवीचं काहीच बोलले नाही. एवढंच सांगितलं की तो तिथं होता, कोणी मारलं ते त्याला ठाऊक आहे.

दुपारी त्याला बाजारातून उचलला. जांभळ्यांनी आमच्या घरावर दगड टाकले, खिडकी फुटली, मशीनचं चाक वाकलं. वाकू दे. निदान मी योग्य तेच केलं. भावानं पोरीला त्यांच्या तोंडी दिलं आणि तिच्यासाठी एक शब्द काढला नाही — असला भाऊ मला नको.

६ ऑगस्ट

कागद मिळाला. "पडली" खोडून "मारहाण". न्कांडूला लेखनिक मिळेल.

कांग्वानं तिघांची नावं दिली. त्याची जबानी त्यांनी मला वाचून दाखवली. लिहून ठेवते, नाहीतर मी ती विसरायला बघेन.

"त्यांना पिशवी शिवणारी हवी होती. तिला जाळणार म्हणत होते. कोणी शिवली, विचारलं. मला माहीत होतं, मी गप्प राहिलो. पोरीलाही माहीत होतं. ती म्हणाली, मीच शिवली. मग त्यांनी विचारलं, कुठल्या हातानं? तिनं डावा पुढे केला. तेव्हा ते हसले, आणि उजवा धरला."