लहान मेंदू आकसल्याची हकीकत

बोरगाव मेघे, वर्धा

चि. रूपराव यास,

थोरल्या बहिणीचा, भागीरथाचा, आशीर्वाद. इकडे आमी सारे बरे आहो, निदान माहा किशोर तसं सांगते. तुहे गुडघे कसे आहेत? तुह्या पंचफुलाच्या कंबरेले आराम पडला का? गिरडची टेकडी चढू नको म्हणा तिले, खालूनच हात जोड म्हणा, वरच्याले दिसते. कागदावर काऊन लिहून राह्यली म्हणशील, तं तीन वर्षांपासून माहा फोन लागला का तुही रेंज जाते, अन् कागदाले रेंज लागत नाई. अक्षर वाकडंतिकडं आहे, तो तुह्या चष्म्याचा दोष समजू नको. माहा हातच तसा चालते, अन् त्या हाताच्या पायीच सारं झालं.

तुले माहीत नसन (कसं असन, तू आला कधी?) पण सहा वर्षांपासून माहे हात थरथरतात. मांडीवर ठेवले तं निपचित पडून राह्यतात, काही धराले गेली का सुरू. वांगे तोडतांना कसंबसं जमते, सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधतांना दोरा एकीकडे अन् बोटं दुसरीकडे. चहा अर्धा बशीत, अर्धा लुगड्यावर. शेजारची शकुबाई म्हणे, नजर लागली. (ह्या वयात नजर लागावी असं माह्यात उरलं काय?) किशोरच्या सासूनं तं जवळ येऊन माहं तोंड हुंगलं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू कुठे भेटते हे साऱ्यायले पाठ आहे, म्हणून तिले शंका आली.

सहा वर्षं किशोरले मायचा हात दिसला नाई. दिवाळीनंतर त्याचा सासरा जेवाले आला, मी कढी वाढाले गेली, अन् पळीतली कढी ताट सोडून व्याह्याच्या नव्या पांढऱ्या पॅन्टवर पडली. कढी गरम होती. व्याही उभ्यानं जेवले. दुसऱ्याच दिवशी किशोरनं सुट्टी टाकली अन् मले मोठ्या दवाखान्यात नेलं. मायच्या हातापेक्षा सासऱ्याची मांडी काळजाच्या जवळ असते, हे ध्यानात ठेवजो.

तिथे नागसेन नावाचे डॉक्टर होते, वयानं किशोरएवढे, बोलाले मऊ. त्यायनं मले कागदावर आतून बाहेर गोल गोल रेघ काढाले लावली. ती जिलबी पाहून हलवायानं हाकलून देल्लं असतं. मंग ह्या गिलासातलं पाणी त्या गिलासात ओताले सांगतलं, ते टेबलावर गेलं. डॉक्टर खुश झाले. माह्या सांडण्यानं खुश झालेला हा पहिलाच माणूस. म्हणाले, हात कापणाऱ्या लोकायच्या मेंदूची ठेवण कशी बदलते याचा ते अभ्यास करून राह्यले, मी मेंदूचा फोटो काढू देल्ला तं बरं होईन, पैसे लागत नाई. किशोरनं लगेच हो म्हटलं. (मेंदू माहा होता. डॉक्टर भला माणूस, त्यायनं परत मले विचारलं.) चुलीत लाकूड सरकवावं तसं मले त्या मशीनमधी सरकवलं. आत थ्रेशर चालल्यावानी आवाज, अन् वरून सांगतात, आजी, बिलकुल हालू नका. हालते म्हणून आली, तं म्हणे हालू नका. पण नाई हालली मी.

आठ दिवसांनी डॉक्टरनं फोटो दाखवला अन् म्हणाले, लहान मेंदू जरासा आकसल्यासारखा दिसते. पुढेही ते बोलत होते, पण किशोरचे कान तिथेच बंद झाले. घर येईपर्यंत त्यानं मोटरसायकलवरूनच चौघायले फोन करून सांगतलं का आईचा मेंदू लहान झाला. (चालत्या गाडीवर फोन कानाले लावते, अन् मेंदू माहा लहान.)

त्या दिवसापासून सून, अंकिता, माह्याशी मोठ्यानं अन् सावकाश बोलाले लागली. कोठीच्या किल्ल्या तिनं काढून घेतल्या. बाजारात माही पंचवीस वर्षांची जागा, तिथे बसणं बंद. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तं दोघं एकमेकाकडे पाहून मान हालवत. मीठ जास्तच होतं. पण खोटं कायले सांगू, मले सुदा एक दिवस वाटून गेलं का खरंच काही आटलं असन. न्हाणीत जाऊन बसली अन् पाढे म्हणून पाह्यले. सतराचा बरोबर आला. एकोणीसचा चुकला, पण तो शाळेतही चुकेच. तोंड धुवून बाहेर आली.

मंग किशोरनं खरी गोष्ट काढली. आमचं दोन एकर वावर तुह्या भाटव्याच्या, किशोरच्या बापाच्या, मागं माह्या नावानं झालं. शहर आता वावराच्या धुऱ्याले येऊन टेकलं. एक लेआउटवाला पांढऱ्या गाडीतून येऊन तिथे उभा राह्यते, वांग्याकडे पाह्यते, पण त्याले प्लॉट दिसतात. किशोर म्हणे, आई, डोस्कं थोडंफार चालते तवर बक्षीसपत्र करून दे, मंग लफडं होईन. मी म्हटलं, चाल. भांडली असती तं तेही मेंदूवर गेलं असतं.

रजिस्ट्रीच्या हापिसात बाबूनं माह्या हातात पेन नाचतांना पाह्यला अन् विचारलं, यायले काही आजार आहे का. किशोर सवयीनं बोलून गेला, "आईचा लहान मेंदू आकसला आहे जी." बाबूनं कागद बाजूले सारले. म्हणे, मंग नाई जमत, बाईचं डोस्कं ठिकाणावर आहे असं डॉक्टरचं लिहून आणा. किशोरचं तोंड पाह्याले तू पाह्यजे होता. महिनाभर साऱ्या पाव्हण्यायले सांगत फिरला का मायचं डोस्कं गेलं, अन् आता मायचं डोस्कं शाबूत आहे असं त्यालेच लिहून आणाचं होतं.

परत डॉक्टरकडे गेलो. त्यायनं मले वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात काढाले लावले. मी दोनपर्यंत खाली आली. बाजूले बसलेला किशोर शहाऐंशीवर अडकला होता, त्याचे ओठ हालतांना दिसत होते. डॉक्टर त्याले म्हणाले, "लहान मेंदू हे त्या भागाचं नाव आहे हो. तो हाताचा तोल सांभाळतो. आणि असा फरक पुष्कळ लोकांचे फोटो एकत्र पाहिल्यावर कळतो, एका फोटोवरून आम्ही कोणाची अक्कल मोजत नाही." मंग चिठ्ठी लिहून देल्ली. मी चष्मा घरी राह्यला म्हणून ती किशोरकडून व्हरांड्यात दोनदा मोठ्यानं वाचून घेतली. (चष्मा पिशवीत होता.)

हापिसात बाबूनं चिठ्ठी पाह्यली, पेन देल्ला. मी विचारलं, "ह्यात लिहिलं का मले सारं समजते?" बाबू म्हणाला, हो. मी म्हटलं, "मंग हेही समजते का वावर देल्लं का परत भेटत नाई. मी सही करत नाई." अन् पेन टेबलावर ठेवला. बाबूनं पुढच्या माणसाले आवाज देल्ला.

येतांना किशोरचा फोन वाजला. त्यानं उचलला नाई. गाडीवर मी त्याचा खांदा धरला होता, हात थरथरत होता, त्याले समजत असन. बोरगावच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली. पोटचं पोर आहे, रूपराव, मले वाईट वाटलं, पण दोन एकराएवढं नाई.

आता सकाळ-संध्याकाळ गोळी आहे, कंप अर्ध्यावर आला. बाजारात परत बसते, किल्ल्या कंबरेले आहेत, चिठ्ठी प्लास्टिकमधी मढवून तुह्या भाटव्याच्या फोटोखाली लावली. अंकिता आजकाल हळू बोलते, मीठही बेतानं टाकते. पंचफुलाले आशीर्वाद सांगजो.

तुही बाई,
भागीरथा

ता. क. : डॉक्टर म्हणतात हा आजार पुष्कळदा घराण्यात असते, भावाबहिणीचे फोटो भेटले तं त्यायच्या अभ्यासाले बरं होईन. तू येऊन जाजो. जाण्यायेण्याचं भाडं मी देईन.

ता. क. दुसरा : येतांना गिरडच्या आपल्या बाबांच्या वावराचा सातबारा घेऊन येजो. तीस वर्षांआधी राखीच्या दिवशी हक्कसोडपत्रावर तू माही सही घेतली, तवा माहा हात बिलकुल हालला नोता. पण माहं डोस्कं ठिकाणावर होतं, अशी डॉक्टरची चिठ्ठी तुह्यापाशी आहे का?