माझ्या नव्या नावाला ओ देणारी

मंगळवार, चौदा तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. (ही वेळ पत्राची नव्हे, तुझ्यावरच्या आरोपाची आहे. नीट लक्षात ठेव.)

चि. चिमणीस, आणि तीच माझी दीक्षागुरू असल्यामुळे तिच्या चरणी,

आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा हे ठरवण्यात एक कोरा कागद फुकट गेला, म्हणून दोन्ही पाठवते. हवं ते ठेव, उरलेलं परत कर. जिचे लंगोट मी बदलले तिच्यापुढेच गुडघे टेकून दीक्षा घ्यायची म्हणजे बौद्ध संघाने माझी परीक्षाच पाहिली. तुझा खोकला कसा आहे? तुझ्या आईचे गुडघे? माझी तब्येत उत्तम आहे, असं या घरातल्या सगळ्या म्हणतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मंगळवारी बागेमागच्या खोलीत आपण दोघीच होतो. दार बंद, खिडक्या बंद. तू मला माझं नवं नाव सांगितलंस, मी ते तुझ्यामागून म्हटलं, आणि रविवारी सभागृहात जाहीर होईपर्यंत ते आपल्या दोघींतच राहील असं तू बजावलंस. म्हणून या पत्रातही ते लिहीत नाही. (मला नियम पाळता येतात. नन्सच्या शाळेत आम्ही शिंकसुद्धा परवानगी काढून द्यायचो.) तू साडेतीनच्या बसने गेलीस. त्यानंतर चार-दहाला मी कपडे वाळवायच्या खोलीत चादरी टाकत असताना जिन्यावरून तू मला त्या नावाने हाक मारलीस. बस चुकली असेल, असं म्हणत मी बाहेर आले. जिना रिकामा होता. ऐकण्यात चूक झाली असेल असं कृपया म्हणू नकोस. मी सगळा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला. नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखायचे. आवाज तुझा होता, आणि हाकेच्या शेवटचा खोकलाही तुझाच.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तू बोबडं बोलायचीस तेव्हापासून मला माहीत आहे. तू कोणाला तरी नाव सांगितलंस आणि ती बाई तुझी नक्कल करते, असं मी धरून चालले. रात्रीच्या जेवणाला तिघींची उलटतपासणी घेतली. (आमच्या निवासात माझ्याखेरीज एक दातांची डॉक्टर, एक निवृत्त बँकवाली आणि एक शिवणकाम करणारी. चौघींच्यात एक न्हाणीघर. ज्ञानप्राप्ती इथे होणार नसेल तर कुठेच होणार नाही.)

"मला हाक कोणी मारली?"

"काय म्हणून मारली?" डॉक्टरीण.

"ते सांगता येत नाही."

"तुमच्या नावाने?"

"नाही. म्हणजे, हो."

"मावशी, दोन घास खा आणि झोपा," शिवणवाली म्हणाली.

बुधवारी सकाळी आम्ही चौघी ध्यानाला बसलो असताना वरच्या मजल्यावरून पुन्हा हाक आली. मी जागची हलले नाही. आणि मग, चिमणे, वर कोणीतरी ओ दिली. "आले गं!" माझ्या आवाजात. पाठोपाठ डावा पाय ओढत चालल्याचा आवाज डोक्यावरून गेला. डावा पाय कोण ओढतं, ते तुला माहीत आहे. डॉक्टरणीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि घाईने मिटले. नंतर ती मला म्हणाली, "ध्यान सोडून वर कशाला गेलात?"

"अगं, मी तुझ्या शेजारीच बसले होते!"

"हो ना," ती म्हणाली, "मीही स्वतःला तेच समजावतेय."

तेव्हापासून घरभर माझं कौतुक चाललं आहे. "दीक्षेनंतर किती निवळलात हो!" मी म्हणे डॉक्टरणीचं करपलेलं पातेलं एक शब्द न बोलता घासून ठेवलं. शिवणवालीच्या सुपाला मी छान म्हटलं. (ते सूप! त्यात फडकं बुडवलं तर फडकं मळेल.) मी जिन्यात कोणाला भेटले तर ती आधी दचकते, मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा चेहरा पडतो, जणू दुसरी कोणी भेटायला हवी होती.

सात वर्षं मी या दीक्षेची वाट पाहिली. दोनदा तुम्ही "स्वभाव अजून मऊ व्हायला हवा" म्हणून मला थांबवलंत. आता स्वभाव मऊ झाला आहे, फक्त तो माझा नाही. रविवारी तू सगळ्यांसमोर ते नाव घेशील आणि पुढे येईल तिच्या गळ्यात दीक्षेचा पट्टा घालशील. हाकेला ओ देण्यात ती माझ्यापेक्षा चपळ आहे. ती पुढे आली तर घरातल्या तिघींपैकी एकही हरकत घेणार नाही. तूही घेशील की नाही, याची मला खात्री वाटत नाही.

तुझी (अजून तरी),
मावशी

ता. क. बँकवाली आत्ता सांगून गेली की काल संध्याकाळी मी फोनवर तुझ्याशी अर्धा तास बोलले. "मावशी-भाचीचं किती गोड चाललं होतं!" मी त्या वेळी अंघोळीला गेले होते. मी तुला "माझं चुकलं" म्हणताना तिने स्वतःच्या कानाने ऐकलं. चिमणे, इतकी वर्षं ओळखतेस मला. ते दोन शब्द ऐकून तुझ्या अंगावर काटा कसा आला नाही? मी तुला काय काय कबूल केलं ते सविस्तर लिही.

ता. क. २. खरी विनंती ही. रविवारी पट्टा घालण्याआधी सगळ्यांदेखत माझ्या इंग्रजीत (नन्सनी घोटून घेतलेल्या!) एक चूक काढ. जी हसून ऐकून घेईल तिला तिथेच थांबव. जी भांडेल ती तुझी मावशी, पट्टा तिचा.

ता. क. ३. हे मान्य असल्याचं उत्तर शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी मिळालं पाहिजे, तुझ्या हाताने लिहिलेलं, आणि माझ्याच हातात. फोन अजिबात करू नकोस. फोन ती उचलते.