बाद ठरवलेली चौदा मते

सोमवार, ९ नोव्हेंबर

चौदा मते बाद केली. केंद्राध्यक्ष मी, निर्णय माझा, सही माझी.

पेटी क्रमांक सतरा, स्प्रिंग गॅपची शाळा — जिथे मी एकेचाळीस वर्षे शिकवले. विन्सम डेकर्स नव्वद, लासेल्स व्हाइट एकाहत्तर. उरलेल्या चौदा पत्रिकांवर दोन-दोन खुणा. डेकर्सच्या नावापुढे बरोबरची खूण, व्हाइटच्या नावापुढे फुली. नियम स्वच्छ आहे: एका उमेदवारापुढे एक फुली, अन्य काही नाही. विन्समचा प्रतिनिधी ओरडला, "टीचर, आंधळ्यालासुद्धा कळेल ह्यांना कोण हवंय!" मी म्हणालो, आंधळ्या मतदारांसाठी वेगळी तरतूद आहे, ती पुस्तिकेच्या पुढच्या पानावर वाचावी.

उत्तर निर्दोष होते. आता वाटते, नको इतके निर्दोष.

मंगळवार, १० नोव्हेंबर

परिषदेची ही जागा व्हाइटने जिंकली. तीन मतांनी. तीन!

एडनाने न्याहारीला खारा मासा आणि उकडलेली हिरवी केळी वाढली. वाढता वाढता म्हणाली, "अहो, चौदातून तीन गेले तर किती उरतात?" बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतके सोपे गणित कधी घातले नव्हते.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

विन्सम येऊन गेली. दवाखान्यातला गणवेश तसाच अंगावर, खांद्यांवर चुनखडीची पांढरी धूळ. आमची टेकडी पोखरून व्हाइटचे ट्रक दिवसभर तिच्या दारावरून जातात. टेकडी खोदण्याचा परवाना जानेवारीत पुन्हा परिषदेपुढे येणार आहे. निवडून आले तर तो अडवीन, एवढेच तिचे आश्वासन होते. दवाखान्यात दम्याची एकोणीस मुले आहेत, त्यांची नावे ती न पाहता सांगते.

फेरमोजणीचा अर्ज तिने केला आहे. न्यायाधीशांपुढे मला बोलावतील.

"त्या खुणा तुम्ही ओळखल्या नाहीत, टीचर?"

"मी नियम ओळखला."

"मी भांडायला नाही आले. कोर्टात खरं तेवढं सांगा. बाकी काही नको."

आल्याचा चहा न पिताच गेली.

रविवार, १५ नोव्हेंबर

प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकापाशी मास ह्यूबर्ट. माझ्या पहिल्या वर्गातला. आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. मला पाहून टोपी काढली नाही.

"चौदांतली एक माझी," म्हणाला.

मी म्हटले, मत गुप्त असते, सांगू नये.

"तुम्ही ते फेकून दिलंत, आता कसलं गुप्त?"

मग मी विचारले, केंद्रात एवढा मोठा फलक लावला होता, तो वाचला नाहीस का? तर म्हणतो — शब्दशः लिहितो — "वाचला की! पण विन्समच्या नावापुढे फुली मारायची? त्या पोरीनं माझं काय वाईट केलंय? फुली कशाला असते, हे तुम्हीच शिकवलंत. पाठीवर वळ उठेस्तोवर शिकवलंत!"

खरे आहे. चुकलेल्या गणितावर मी पान फाटेल इतक्या जोराने फुली मारत असे. बरोबर असेल तर लांब शेपटीची खूण, उजवीकडे वर जाणारी. त्या चौदा पत्रिकांवर तीच शेपटी होती. सोमवारी पहिल्याच पत्रिकेवर मी ती ओळखली. ओळखून बाद केली!

हे कुठेतरी लिहिणे भाग होते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दुपारपर्यंत ट्रकांच्या एकोणतीस खेपा. अंगणातले कलालूच्या भाजीचे वाफे पांढरे.

बुधवार, १८ नोव्हेंबर

साक्ष दिली. उभे राहून, पूर्ण वाक्यांत.

न्यायाधीश टलक बाईंनी एकेक पत्रिका माझ्यापुढे धरली. मी सांगितले की आमच्या गावात बरोबरची खूण म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. हा अर्थ त्यांना मी शिकवला. आणि मत बाद करताना मतदाराच्या मनात काय आहे, ते मला कळले होते. बाईंनी चष्मा काढला. "कळलं होतं, मिस्टर पिनॉक?" मी म्हणालो, "कळले होते, महोदया."

अशी नामुष्की आयुष्यात आली नव्हती. तरीही बाहेर पडल्यावर छाती हलकी वाटली.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

चौदाही मते धरली! डेकर्स अकरा मतांनी पुढे. बाहेर कोणी भोंगे वाजवले, कोणी भांडी. हे सगळे फार तर दहा मिनिटे.

मग व्हाइटचा किंग्स्टनहून आलेला वकील उठला. वाक्यरचना गचाळ, मुद्दा मात्र सुरीसारखा. "केंद्राध्यक्ष शपथेवर सांगतात, ह्या गावात फुली म्हणजे नाही. ठीक. मग ह्याच पेटीत नुसत्या फुलीची एकशे एकसष्ट मतं आहेत. त्यांतली किती हो आणि किती नाही, ते कोण सांगणार? टीचर सांगणार?"

सगळे माझ्याकडे पाहत राहिले.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

संपूर्ण पेटी रद्द. पुन्हा मतदान ७ डिसेंबरला, फक्त आमच्या केंद्रावर, केंद्राध्यक्ष बाहेरचा. उरलेल्या पेट्यांत व्हाइट बावीस मतांनी पुढे आहे. मागच्या वेळी डेकर्सला नव्वद आणि चौदा, म्हणजे एकशे चार माणसे आली होती. तेवढी पुन्हा आली तरी ती जिंकते. हिशेब तिच्याच बाजूचा आहे.

मात्र वर्तमानपत्रात ठळक मथळा: 'फुली मारता न येणारे गाव'. खाली माझे वाक्य, अर्धेच; हा अर्थ मी शिकवला, ते गाळले.

रविवार, २२ नोव्हेंबर

चर्चमध्ये आमचे बाक रिकामे. म्हणजे मी होतो, शेजारी कोणी नव्हते.

रमच्या दुकानासमोरून आलो. डॉमिनोच्या सोंगट्या आपटणे थांबले. मास ह्यूबर्ट मोठ्याने म्हणाला, "गप्प रे, टीचर चाललेत. इथं कुणाला दोन रेघा ओढता येत नाहीत, हे त्यांनी अख्ख्या बेटाला सांगितलंय." कोणीतरी हसले. मी थांबून म्हणालो, तुमची मते वाचावीत म्हणूनच मी साक्ष दिली.

"आमची मतं वाचवलीत? आमची अब्रू विकून?"

घरी एडनाला हे सांगितले. ती शेंगांतून दाणे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, चौदांतली एक माझी होती."

गुरुवार, ३ डिसेंबर

विन्सम दारोदार फिरते आहे; तिचे स्वतःचे मत दुसऱ्या केंद्रावर. माझ्या दारी आली नाही. कुंपणापलीकडून, शेजारणीच्या अंगणातून, कानी आले ते असे:

"मिस क्लॅरिस, फक्त पाच मिनिटांचं काम आहे."

"तुला मत दिलं होतं ना, बाळ? दिलेलं परत कसं द्यायचं? जा, जजबाईंना सांग, कुठं ठेवलंय ते शोधा."

"मग व्हाइट येईल, मिस क्लॅरिस."

"येऊ दे. त्यानं मला पेपरात अडाणी तर नाही म्हटलं."

विन्सम खोकत टेकडी उतरली.

रविवार, ६ डिसेंबर

एडनाला विचारले, उद्या बरोबर जाऊ या का? म्हणाली, "तुम्ही जा. तुम्हाला नियम ठाऊक आहे."

सोमवार, ७ डिसेंबर

व्हाइटची माणसे ट्रकांतून आली. आमची वाट, मी मत देऊन आलो तेवढे सोडता, दिवसभर रिकामी. पाचला दार बंद झाले, तेव्हा कुठे सगळे गाव शाळेबाहेर जमले, निकाल ऐकायला.

नव्या केंद्राध्यक्षाने आकडे वाचले. व्हाइट एकाहत्तर. डेकर्स एक.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. एडनानेही.