चढ नसलेल्या वाटा

अण्णा,

तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं होतील आता. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं कधी वाटलं नाही, खरं तेच सांगते. आठवण यायची, पण ती श्राद्धाच्या दिवशी, नाहीतर कुणाच्या अंगावर खांद्यात नीट बसलेला कोट दिसला की. गेले आठ महिने मात्र तुम्ही रोज मनात येता, आणि तेही मी दमून बसले की हमखास. आज बुधवार आहे. हे जेवून झोपलेत. जे. पी. नगरच्या या चौथ्या मजल्यावर दुपारी दोन ते चार एवढा वेळ माझा असतो. त्यात मी भांडी आवरते, औषधं डबीत भरून ठेवते, नाहीतर नुसती बसते. आज भांडी तशीच ठेवून वही घेतली आहे.

तुमच्या जावयांना फेब्रुवारीत झटका आला. सकाळी दाढी करताना उजवा हात खाली पडला तो पडलाच. जीव वाचला, आता चालतात, पण उजवा पाय ओढत. बोलणं तुटक झालंय. चार शब्द जुळवायचे तर कपाळावर घाम येतो. पुण्याहून नोकरीसाठी इथं आलेला हा माणूस सुट्टी मिळाली की सह्याद्रीतले किल्ले चढायला पळायचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बघायला आले तेव्हाही तेच सांगत होते. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, वर गेल्यावर करता काय. ते म्हणाले, खाली उतरतो. तुम्ही हसलात आणि आत येऊन आईला म्हणालात, मुलगा खरं बोलतो, सरी, ठीक आहे. तर त्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सपाटीवर चालायचं. चढ नको, खाचखळगे नकोत, घाई नको. ते ऐकताना मला इथल्याच जुन्या पेठेतल्या आपल्या दोन खोल्या आठवल्या, कारण हीच वाक्यं मी सहा वर्षांची असताना दुसऱ्या एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकली होती, आईसाठी.

आईच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापानं खराब झालेली. थोडं चालायचं, पण चढायचं नाही, असं तिला सांगितलेलं. आपल्या गल्लीत चालणार कुठं? हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, हमाल, गाई. तेव्हा तुम्ही रविवार धरलात. आठवडाभर दुकानात कापडावर वाकून कातर चालवायची आणि रविवारी सकाळी मार्केटमधून बस पकडून आम्हाला घेऊन शहराबाहेर पडायचं. कधी मागडीकडचं रान, कधी अर्कावतीचा काठ. डब्यात चित्रान्न, दहीभात, केळीची पानं. वाटेत तुमचं एकच सारखं चाललेलं असायचं, स्वल्प हळू, स्वल्प हळू. मत्तीच्या झाडाखाली सतरंजी टाकायची, आईनं दहा मिनिटं डोळे मिटायचे, मग पुढचं झाड. मी चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसायचे आणि कंटाळायचे. एका तासात आपण जेवढं चालायचो तेवढं मी धावत गेले असते तर पाच मिनिटांत परत आले असते.

आणि एकाआड एक रविवारी तुम्ही एकटेच जायचात. कुठं जाता हे सांगायचा नाहीत. आत्या म्हणायची, पत्ते कुटायला जात असेल, पुरुषाला एवढं तरी पाहिजेच. आई तांदूळ निवडत राहायची. संध्याकाळी तुम्ही धुळीनं भरलेले पाय घेऊन यायचात, गरम पाणी मागायचात आणि आठलाच झोपायचात. पत्ते खेळून कुणाचे पाय एवढे मळत नाहीत, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाचा तो रविवार. अर्कावतीच्या काठी, जिथं नदी मोठ्या खडकाला वळसा घालते तिथं आम्हाला बसवून तुम्ही परतीच्या बसची वेळ विचारायला गावात गेलात. जाताना मला म्हणालात, इथंच बसा. खडकावर एक छोटं देऊळ होतं, दगडात खोदलेल्या पायऱ्या होत्या. मी आईला म्हटलं, चल, वरून नदी दिसेल. ती म्हणाली, अण्णा येऊ देत. मी परत म्हटलं. ती परत तेच म्हणाली. मग मी तिला म्हटलं, "आई, तू कधी प्रयत्नच करत नाहीस." हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. ती उठली, पदर खोचला आणि पायऱ्यांकडे निघाली. मी पुढं. मी वर पोचले, नदी बघितली, हाक मारायला वळले, तर ती निम्म्या वाटेवर एका पायरीवर बसलेली, हात छातीवर, आणि ओठ जांभळे. मी खाली धावले, तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार. ती मला म्हणते, घाबरू नको, आणि तेवढं म्हणतानाही तिला तीनदा श्वास घ्यावा लागतो.

तुम्ही आलात. ओरडला नाहीत. तिला पाठुंगळी घेतलंत आणि एकेक पायरी बघत उतरलात. रस्त्यावर एक लॉरी थांबवलीत. त्यानंतर अकरा दिवस दवाखाना. तिसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हांड्यातल्या बाकावर तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात. मला वाटलं आता माराल. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, "माप न घेता कातर चालवलीस तू." एवढंच. मग उठून तुम्ही तिच्यासाठी कॉफी आणायला गेलात. मी त्या दिवशी खूप रडले, पण तुम्ही परत येईपर्यंत तोंड धुऊन बसले होते.

चार महिने रविवार सुने गेले. मग एका रविवारी पहाटे तुम्ही मला उठवलंत आणि म्हणालात, चल, काम आहे. मागडीच्या बसमध्ये बसल्यावर मला कळलं की आई येणार नाही. रानाच्या तोंडाशी उतरलो आणि तुम्ही चालायला लागलात, आणि तुमची ती चाल बघून मला आधी वाटलं तुम्हाला बरं नाहीये. चाळीस पावलं झाली की थांबायचात. श्वास सोडायचात. परत चाळीस. मी विचारलं, अण्णा, काय होतंय? तुम्ही म्हणालात, मला काही होत नाही, मी तुझ्या आईच्या पायानं चालतोय. ती कुठं दमेल हे घरी बसून कळत नाही. मग खिशातून टेप काढून तुम्ही ओढ्यात उतरायच्या दगडाची उंची मोजलीत, आठ इंच, आणि मान हलवलीत, सहाच्या वर तिला नको. दुसरीकडून उतार शोधलात. बसायला सावलीचा दगड सापडला की त्यावर शिंप्याच्या निळ्या खडूनं एक रेघ ओढायचात, पँटला टीप मारायला ओढतात तशी. त्या रेघा मी लहानपणापासून दगडांवर बघत आले होते. कुणा गुराख्यानं ओढल्या असतील असं समजत होते.

त्या दिवशी तुम्ही मला एकही उपदेश केला नाहीत. एका म्हातारीला वाट विचारलीत, तिच्या शेळ्यांची चौकशी केलीत, पुढच्या रविवारी तिथं बैल बांधलेला असेल का तेही विचारलंत. परतताना खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, पुढचा दगड तू शोध. मी जो शोधला त्यावर दुपारी ऊन येणार होतं. तुम्ही तो बाद केलात. दुसरा चालला. मला दहावीत पहिला वर्ग मिळाला तेव्हासुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आई पाच वर्षं होती, हे तुम्हाला माहीत नाही. ती आधी जाईल असं सगळे धरून चालले होते आणि तुम्ही कापायच्या टेबलाशी उभ्याउभ्या गेलात. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे होती. एक दिवस मी तिच्या पायाला तेल लावत होते, नदीचा विषय निघाला, तर ती म्हणाली, "मला ते चालणं कधी आवडलं नाही गं. घरात पडून राहायला आवडलं असतं. पण हा माणूस आधी जाऊन मी कुठं बसायचं ते बघून यायचा. त्याला नाही कसं म्हणायचं?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आणि ज्या रविवारी तुम्ही एकटे जायचात तो तिचा आवडता रविवार होता. ती हसत होती, मीही हसले. तुम्ही असतात तर तिनं हे कधी सांगितलं नसतं, आणि मीही सांगत नव्हतेच, पण आता लिहून झालं.

आता माझं ऐका. लेक महादेवपुऱ्यात राहते, तिथंच तिचं ऑफिस. दर शनिवारी दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून येते आणि बापाजवळ बसते. मला म्हणते, आई, एवढं लांब कशाला, तळ्याभोवतीच्या ट्रॅकवर फिरव ना. पण तळ्यावर ओळखीचे लोक भेटतात. एकेकाळी यांच्या मागून धापा टाकत गड चढलेले लोक. ते थांबतात, पाठीवर थोपटतात, मोठ्यानं बोलतात, जणू हे बहिरे झालेत. एकदा यांनी घरी येऊन डाव्या हातानं काठी भिरकावली आणि मला म्हणाले, "गुरं... फिरवतेस." पूर्ण वाक्य त्यांना जमलं नाही, पण मला पोचलं. त्यानंतर शनिवारी सकाळी लेक आली की मी गाडी काढून वाटा शोधायला लागले. तुमची अर्कावती आता सांडपाण्यानं फेसाळते, काठावर उभं राहवत नाही. तो खडक एका रिसॉर्टच्या कुंपणात गेलाय. कनकपुऱ्याच्या पुढं रानाच्या कडेनं जाणारा एक जुना कालवा सापडला, दोन्ही बाजूंनी होंगेची झाडं, वाट पार सपाट. मी तिथं उजवा पाय ओढत चालून बघितलं. एक बाई सरपण घेऊन येत होती, ती थांबली आणि कन्नडमध्ये म्हणाली, अक्का, पायाला काय झालं? मी म्हटलं, मला नाही, नवऱ्याला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पाच रविवार मी त्यांना तिथं नेलं. पाचही वेळा ते रागात आले. गाडीतून उतरताना राग, बेल्ट लावताना राग, मी हात पुढं केला की राग. मी चालायचे त्यांच्या उजव्या बाजूनं, अर्धं पाऊल मागं, पडले तर धरता यावं म्हणून. घरी आल्यावर त्यांची आंघोळ, जेवण, मालिश. शनिवारी वाट बघून यायची, रविवारी घेऊन जायचं, सोमवारी माझीच कंबर धरलेली. अण्णा, तुम्ही सहा दिवस उभं राहून काम करायचात आणि सातव्या दिवशी हे. तुम्ही कधी दमलात का? दमला असाल तर आम्हाला कसं दिसलं नाही? आठला झोपायचात, एवढंच दिसलं.

गेल्या गुरुवारी जेवताना यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "रविवारी... किती वाजता?" आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा आपणहून विचारलं. मी म्हटलं, सातला. शनिवारी लेकीला ताप होता म्हणून ती आली नाही, रात्री यांना खोकला, मला झोप नाही. रविवारी सहाला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे खुर्चीत बसलेले, कपडे घालून, आणि बूट चढवलेले. चिकटपट्टीचे बूट आहेत, तरी एका हातानं त्यांना वीस मिनिटं लागली असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, आज जाता येणार नाही. रानात हत्ती उतरलेत, वनखात्यानं वाट बंद केली आहे.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकून बूट काढायला लागले, आणि मी मदतीला गेले नाही. मी आत जाऊन गॅस पेटवला, त्यावर काहीच ठेवलं नाही, आणि त्या पट्ट्या सुटायचा आवाज ऐकत उभी राहिले. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी. मग मी दहापर्यंत झोपले. गाढ झोपले, अण्णा, आणि उठल्यावर मला फार बरं वाटलं.

हत्ती नव्हतेच. वाट मोकळी आहे, ऊन अजून कडक नाही, कालव्याला पाणीही आहे. हे मी त्यांना सांगू शकत नाही, आणि लेकीला सांगितलं तर ती नर्स ठेवूया म्हणेल. म्हणून इथं लिहिलं. ही वही औषधांच्या खणात खाली जाईल. तो खण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

ते आता रोज सकाळी पेपरात हत्तींची बातमी शोधतात. आजही चहा घेताना त्यांनी विचारलं, "हत्ती... गेले?"

मी म्हटलं, अजून नाही.